पायातले चाळ सोडल्यानंतर: नाच थांबला तरी स्वतःची ओळख कशी टिकवायची

नाच बंद झाला म्हणजे नेमकं काय बंद झालं, हे आधी कागदावर लिहून काढा. कोकणातल्या जाखडी नाचाच्या फेऱ्यात पंधरा वर्षं नाचलेला गुहागरकडचा गडी आणि मध्यमा पूर्ण परीक्षेपर्यंत कथक शिकून लग्नानंतर थांबलेली रत्नागिरीची मुलगी, दोघंही "नाच सोडला" असंच म्हणतात. पण गड्याचा गुडघा गेलेला असतो, नाचाचं मंडळ मात्र अजून त्याचंच असतं. मुलीचे पाय धड असतात, पण वेळ, जागा आणि शिकवणाऱ्या बाई नसतात. दोघांना एकच औषध लागू पडणार नाही.

वहीच्या एका पानावर नाचाचे भाग सुटे करा: ताल, पाठांतर, अभिनय, वेश आणि रंगभूषा, घाम निघेपर्यंत दमणं, सोबतची माणसं, लोकांसमोर उभं राहणं. हे पान दोन आठवडे हाताशी असू द्या. नाचाच्या आठवणीनं पोटात कालवलं की वार, वेळ आणि नेमकं काय आठवलं ते त्या त्या भागासमोर मांडा. बहुतेकांच्या खुणा एकदोन भागांवरच गोळा होतात. तुमची ओळख तिथे आहे, तेवढा भाग धरून ठेवा. बाकीचं सुटलं तर सुटू द्या. ज्याला तालमीनंतरच्या चहाची आठवण येते, त्यानं बंद खोलीत एकट्यानं तत्कार (कथकचं पायकाम) केला तर त्याला अधिकच एकटं वाटेल.

ताल आठवत असेल तर

पढंत करा, म्हणजे नाचाचे बोल हातानं ताल देत तोंडानं म्हणा. पाय न हलवता नाच जिवंत ठेवायची याहून चांगली रीत नाही. रोज वीस मिनिटं पुरे. पाटावर किंवा खुर्चीत ताठ बसा. घड्याळाचा सेकंदकाटा हीच लय धरा, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा (तालाचे ठोके). पहिली पाच मिनिटं फक्त तीनतालाचा ठेका म्हणा: १६ मात्रा, १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडायचा. मग 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' एकपटीत, दुपटीत, चौपटीत, म्हणजे एका मात्रेत एक, दोन, मग चार बोल. चौपटीत जीभ अडखळली तर दुपटीवर परत या. घाईनं म्हटलेले बोल तसेच अंगवळणी पडतात आणि मग महिनोन्‌महिने सुटत नाहीत.

शेवटी एक सोपी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपणारा बोल. 'ता थेई तत्' नवव्या मात्रेपासून तीनदा म्हणा: ९-१०-११, १२-१३-१४, १५-१६-सम. तिसरा 'तत्' नेमका समेवर येतो. हीच तिहाई झपतालात, म्हणजे १० मात्रांत, तिसऱ्या मात्रेपासून उचलायची: ३-४-५, ६-७-८, ९-१०-सम. दोन्हीकडे समेआधी आठ मात्रा धरल्या की हिशेब जमतो. चूक बहुधा खालीला होते. तिथे टाळीचा आवाज नसतो, म्हणून माणूस नकळत पुढे सरकतो आणि तिहाई सोळाव्यावरच संपते. आठवडाभर खालीच्या जागी 'नऊ' असं मोठ्यानं म्हणा, ती जागा पक्की होईल.

येत असलेले तोडे आणि तुकडे, म्हणजे बोलांच्या बांधलेल्या छोट्या रचना, पहिल्या तीन महिन्यांतच लिहून काढा. पायांना वळण असतं तोवर तेच बोल आठवून देतात, नंतर मधल्या ओळी गळतात. एका ओळीत सोळा घरं आखा आणि एका घरात एक मात्रा लिहा. ताल लिहायच्या दोन पद्धती आहेत: पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला + लिहितात, भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला ०. एकाच वहीत दोन्ही आले तर वर्षभरानं + आणि × मध्ये हमखास गोंधळ होतो. पहिल्या पानावरच कुठली पद्धत ते लिहून ठेवा.

जाखडी किंवा नमन (कोकणातलं लोकनाट्य) करणाऱ्यांनी गण, गौळण आणि सवाल-जवाब असेच उतरवून घ्यावेत. जुन्या शाहिरांकडून गाणं घेताना आधी विचारा, मगच मोबाईल चालू करा. मोबाईल मृदंगाजवळ ठेवला तर शब्द बुडतात. गाणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा आणि झांजवाल्याला मागे बसवा. गाण्याखाली गाव, चाल आणि ते कुणाकडून आलं हे लिहा. ही वही पुढे मंडळाच्या उपयोगाची होते, आणि ती ज्याच्याकडे असते त्याला विचारल्याशिवाय मंडळ पुढे जात नाही.

चाळ आणि वेश

घुंगरांचे चाळ डोळ्यांसमोर खुंटीवर टांगले तर रोज सलतात. ट्रंकेत घातले तर खाऱ्या हवेनं पितळ हिरवं पडतं. दोन्ही टाळा, महिन्यातून एकदा हाताळा. समई उजळतो तसे आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात मात्र बुडवू नका. बऱ्याच घुंगरांच्या आत लोखंडी गोळी असते. पाणी आत राहिलं की ती गंजते, आवाज बद्द होतो आणि सुताची दोरीही कुजते. फडक्याच्या टोकाला थोडं लिंबू-मीठ लावून एकेक घुंगरू बाहेरून पुसा. लगेच ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून तासभर उन्हात ठेवा. पावसाळ्यात सुती पिशवीत घालून, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

रेशमी वेश जुन्या मलमलीत गुंडाळावा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सावलीत वारा द्यावा आणि घड्या बदलाव्यात. पहिल्या वर्षात काहीही देऊन टाकू नका. रागात वाटून टाकलेला वेश परत मागता येत नाही, आणि ती हळहळ फार दिवस टिकते.

शरीर

शरीराची गोष्ट थोडक्यात. भूक नाचणाऱ्याची राहते आणि कष्ट थांबतात, म्हणून वजन वाढतं आणि आरशातला माणूस परका वाटू लागतो. रोज अर्धा-पाऊण तास चाला. भरती उतरल्यावर पाण्याकाठची घट्ट वाळू बरी, उतरत्या पुळणीवर एकाच बाजूनं चाललं तर घोटा आणि कंबर धरते. दुखऱ्या गुडघ्यानं सिमेंटच्या खळ्यात (अंगणात) "जरा करून बघू" म्हणून पाय आपटू नका.

सणांचं आधी ठरवा

कोकणात नाच पंचांगाला बांधलेला आहे. गौरी-गणपतीत जाखडी, शिमग्यात नमन, तळकोकणात जत्रांचे दशावतार. मृदंगावर थाप पडली की घरात बसवत नाही आणि खळ्यात जाववत नाही. म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधीच मंडळाशी बोलून आपलं काम मागून घ्या: झांज, कोरस, रंगपट, वेश बांधणं. नुसतं "येईन बघायला" म्हणू नका. रिकाम्या हातानं बघणं पहिल्या वर्षी सर्वांत जड जातं.

नाचलेल्या माणसाला शोभणारं काम म्हणजे नव्या मुलांना चाळ बांधून देणं. आधी घोट्याच्या वर सुती पट्टीचे दोन वेढे द्या, दोरी कातडीला लागली तर पहिल्याच रात्री सालटं निघतं. मग खालून वर, वेढ्याला वेढा चिकटवत जा. गाठ बाहेरच्या बाजूला मारा, आतल्या बाजूची गाठ दुसऱ्या पायात अडकते. बांधून झाल्यावर एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे. सैल राहिले तर चाळ टाचेवर उतरतात आणि गिरकीत मुलगा त्यावरच पाय देतो. फार आवळले तर तळव्याला मुंग्या येतात. हे बघून कळत नाही, ज्याच्या पायाला कळलंय त्यालाच बांधता येतं.

शिकवायला मात्र वर्षभर थांबा. लगेच वर्ग काढला की करून दाखवावं लागतं, दुखणं बळावतं, आणि आपलं अपुरं राहिलेलं आपण मुलांकडून करून घेऊ लागतो.

लोक विचारतील तेव्हा

"हल्ली नाचत नाहीस गो?" हा प्रश्न एसटी स्टँडपासून देवळापर्यंत येणारच. "नाचायचे पूर्वी" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं आणि घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत राहतं. खरं आणि चालू असलेलं काहीतरी सांगा: "पायांचं बंद आहे, पढंत चालू आहे", "यंदा झांजेवर आहे", "गाणी उतरवून घेतेय". वाक्य आधी तयार ठेवा, मोठ्यानं दोनचारदा म्हणून बघा. त्यासाठी ते काम खरोखर चालू असावं लागतं, ही त्यातली चांगली गोष्ट.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली, कशातच मन लागेना, किंवा जगणं नको वाटू लागलं, तर हे वहीनं भागणारं दुखणं नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडे थांबूच नका, त्याच दिवशी बोला.

पुढच्या शिमग्याला नाचाच्या सुट्या भागांचं ते पान पुन्हा उघडा आणि दोन आठवडे नव्यानं खुणा करा. खुणा तालावरून माणसांवर सरकल्या असतील तर पढंत दहा मिनिटांवर आणा आणि उरलेला वेळ मंडळाला द्या. उलट झालं असेल तर झांज दुसऱ्याच्या हाती देऊन नवा ताल उचला. एकताल घ्या: १२ मात्रा, तिहाई पाचवीपासून.