दोन गुलाबी छटांतून एक निवडताना या चुका टाळा

शेड कार्डावर दोन्ही गुलाबी सारखेच वाटतात. भिंतीवर चढले की एक पीचकडे झुकतो, दुसरा जांभळटाकडे. हा फरक झाकेचा, म्हणजे मुख्य रंगामागे दडलेल्या दुसऱ्या रंगाचा. दोन्ही नमुने शुभ्र कागदावर ठेवा, झाक पिवळट आहे की निळसर ते कळेल. त्याच पट्टीतली सर्वांत गडद छटाही पाहा. फिकट रंगात लपलेली झाक तिथे उघडी पडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जुन्या रंगावरच नमुन्याचे पट्टे ओढणे. शेजारची भिंत पिवळी असेल तर गुलाबी उगाच जांभळट भासतो, हिरवी असेल तर भडक. शिवाय एकाच पातळ हातातून खालचा रंग डोकावतो. त्यापेक्षा प्रत्येक छटेसाठी 60 बाय 60 सेंमीचा पांढरा जाड पुठ्ठा घ्या, कडेने 5 सेंमी कोरे सोडा आणि रोलरने दोन हात द्या. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. ओल्यावर निर्णय नकोच, कारण इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) वाळल्यावर सहसा गडद होते. एक मॅट (बिनचमकीचा) आणि दुसरा सॅटिन (हलक्या चमकीचा) असेल तर तुलना रंगांची उरत नाही.

पुठ्ठे भिंतीला टेकवून उभेच ठेवा आणि सकाळी, दुपारी, रात्री पाहा. दिव्याच्या प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तर प्रकाश पिवळसर, जास्त तर निळसर पांढरा. 2700 केल्विनच्या दिव्यात पीच झाकेचा गुलाबी नारिंगी दिसू लागतो. 6500 केल्विनमध्ये निळसर झाकेचा गार पडतो. म्हणून आधी दिवे ठरवा, मग रंग. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा रंग आपल्या मनाने सुधारतो.

'कार्डावर इतका गडद नव्हता' ही तक्रार नेहमीची, आणि ती खरीही असते. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर गुलाबी प्रकाश टाकतात, रंग दाटतो. याचा अंदाज आधीच घेता येतो: वाळलेला पुठ्ठा रंगीत बाजू आत ठेवून मधोमध काटकोनात वाकवा आणि घडीजवळ पाहा. तिथे दिसणारी छटा खोलीतल्या छटेच्या जास्त जवळ असते. दोघांत मन अडकले, तर किंचित करडा वाटणारा गुलाबी घ्या.

रंगवून झाल्यावर झाक खटकली, तर पुन्हा रंगवण्याआधी 4000 केल्विनचा दिवा लावून बघा. उरलेल्या रंगात पांढरा मिसळून ती जात नाही, रंग फक्त फिकट होतो. दोन भिंतींत फरक दिसत असेल, तर बहुतेक वेळा डबे वेगवेगळ्या बॅचचे (वेगवेगळ्या वेळी बनवलेले) असतात. पुढच्या वेळी सगळे डबे एका मोठ्या बादलीत ढवळून मगच रोलर बुडवा.