गाऊटची रोजची गोळी सुरू केलीय? मग या चुका टाळा

गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा पेशंट काउंटरवर आला की मी आधी विचारतो, "गोळी दुखण्याची हवी की रोजची?" निम्म्या लोकांना हा प्रश्नच कळत नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पायाचा अंगठा टरारून सुजतो, रात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तेव्हा घ्यायची ती दुखण्याची गोळी. तसा झटका पुन्हा येऊ नये म्हणून युरिक ॲसिड खाली ठेवणारी ती रोजची गोळी, म्हणजे ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट. पहिलीचा गुण एक-दोन दिवसांत कळतो. दुसरीचा कळायला महिने लागतात, आणि सुरुवातीला तर ती उलटीच वागल्यासारखी वाटते. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात माझं मेडिकल आहे. खाली लिहिलेल्या चुका मी इतक्यांदा पाहिल्यात की आता तोंडी सांगायचा कंटाळा येतो.

झटका आला म्हणून रोजची गोळी बंद करणं

ही चुकांची महाराणी.

रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, रिपोर्टवर असतो तोच आकडा) वर राहिलं की ते विरघळलेलं राहत नाही, त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात साठतात. हे काम वर्षानुवर्षं चाललेलं असतं. गोळी सुरू झाली, रक्तातली पातळी उतरली की ते जुने खडे सुटायला लागतात, आणि सुटताना शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. परिणाम काय, तर पहिल्या काही महिन्यांत झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतात. बरेच दिवस बंद असलेला नळ सोडला की आधी गढूळ पाणी येतं, तसलाच प्रकार. म्हणून जाणते डॉक्टर ॲलोप्युरिनॉलबरोबर तीन ते सहा महिने कोल्चिसिनची ०.५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा किंवा दोनदा देतात. लोक काय करतात? "दोन-दोन गोळ्या कशाला" म्हणून नेमकी तीच वगळतात.

आमच्याकडे एक ट्रॅक्टरवाले अण्णा येतात. हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढतात, बाकी वर्षभर बिअर. यांनी डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲलोप्युरिनॉलची १०० मिलिग्रॅमची गोळी बाजूला ठेवली आणि मित्राकडची ३०० ची स्ट्रिप सुरू केली. कारण काय, तर "शंभरानं काय होतंय?" तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुडघा धरला. काठी टेकत दुकानात आले आणि स्ट्रिप काउंटरवर आपटली. "आवो डॉक्टर, ही गोळी घेतली आन् गुडघाच धरला की! बाधली मला." (केमिस्टला डॉक्टर म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. दुरुस्त करणं मी सोडून दिलंय.) समजावलं, पण ऐकणार कोण? गोळी बंद. इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं. पुढच्या झटक्याला पुन्हा स्वतःच सुरू केली, पुन्हा सांधा धरला, पुन्हा बंद. प्रत्येक वेळी गोळीवरचा राग वाढत गेला, आणि खडे होते तिथंच. शेवटी कोपरावर सुपारीएवढी गाठ आली, कानाच्या पाळीवर पांढरे ठिपके उमटले, तेव्हा कुठं ते नीट डॉक्टरांपुढं बसले. १०० पासून सुरुवात, जोडीला कोल्चिसिन, आणि गोळ्यांचा डबा वहिनींच्या ताब्यात. मधे एकदा घोटा सुजला तेव्हा वहिनींनी मला फोन केला, "बंद करू का?" नाही म्हटलं, दुखण्याचं वेगळं औषध डॉक्टरांना विचारून द्या, रोजची चालूच ठेवा. त्यांनी ठेवली. ती गाठ आता हाताला जेमतेम लागते.

तेव्हा गोळी आधीपासून चालू असेल आणि झटका आला, तर ती चालूच ठेवायची. झटक्याचा इलाज वेगळा करायचा. गोळी अजून सुरूच झालेली नसेल तर ऐन झटक्यात सुरू करायची की थांबायचं, हे डॉक्टर ठरवतील. जुने डॉक्टर दोन आठवडे थांबायला सांगत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं दिलेल्या मार्गदर्शनानुसार, सूज उतरवणारं औषध बरोबर असेल तर झटक्यातही सुरू करता येते. तुमचे डॉक्टर काहीही म्हणोत, दोन्हींत तथ्य आहे. वाद घालू नका.

आणि हो, १०० पासूनच सुरू करा. किडनी कमजोर असेल तर डॉक्टर ५० पासूनही करतात. मग दर काही आठवड्यांनी रक्त तपासून वाढवत न्यायची. एकदम ३०० घेतली तर झटक्याचा धोका वाढतो आणि त्वचेच्या गंभीर ॲलर्जीचाही, जिच्याबद्दल पुढे सांगतो. घाई करणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, दहा वर्षं साठवलेलं पंधरा दिवसांत काढायला बघू नका.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थांबणं

नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. बीपीची गोळी बंद करता का?

१०० वर अडकून राहणं

ही वरच्याच्या उलट चूक, आणि हिच्यात पेशंटइतकाच लिहून देणाऱ्याचाही वाटा असतो. १०० सुरू झाली, पुढे कुणी रक्तच तपासलं नाही. माणूस वर्षानुवर्षं तीच स्ट्रिप नेतो, अधूनमधून झटके येतात, आणि "ॲलोप्युरिनॉल मला लागू पडत नाही" असं गावभर सांगतो. आपल्याला गाठायचंय ते ६ च्या खाली, आणि अंगावर गाठी असतील तर ५ च्या खाली. त्यासाठी कित्येकांना ३०० सुद्धा पुरत नाही. डोस वाढवणं डॉक्टरांचं काम, पण "माझं ६ च्या खाली आलंय का?" हे विचारणं तुमचं. आणि तो रिपोर्ट ऐन झटक्यातला नको, त्या दिवसांत आकडा फसवा, बऱ्याचदा चक्क नॉर्मल येतो. दुखणं शमून दोन-तीन आठवडे झाले की तपासा.

जुलाब लागेपर्यंत कोल्चिसिन

जुन्या काळी खरंच असं सांगत, झटका आला की तासातासाला एक, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत. म्हणून घरातली वडीलधारी मंडळी अजून तेच सांगतात. ती पद्धत आता बाद झालीय. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं की तासाभरात दिलेला थोडका डोस तासनतास चाललेल्या मोठ्या डोसइतकाच गुण देतो, पोट मात्र फार कमी बिघडवतो. जुलाब हा कोल्चिसिनचा पहिला इशारा. पोटात मुरडा, मळमळ, पातळ जुलाब सुरू झाले की पुढची गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. "औषध अंगात भिनतंय" असं समजणाऱ्यांना काय म्हणावं?

"झाडाचं औषध आहे, त्यात काय" हे तर नेहमीचंच. कोल्चिसिन झाडातूनच येतं हे खरं. आपल्याकडच्या कळलावीतही ते असतं, आणि कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावतात हे खेड्यातल्या कुणालाही विचारा. या औषधात कामाचा डोस आणि विषारी डोस यांच्यात अंतर थोडं असतं. किडनी किंवा लिव्हर कमजोर असेल तर ते अंतर आणखी घटतं.

माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त मास्तर आहेत. शुगर जुनी, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढणारा रक्तातला आकडा) वाढलेलं, ॲलोप्युरिनॉलबरोबर रोज एक कोल्चिसिन. एका संध्याकाळी त्यांचा मुलगा खोकल्याची चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी दुसऱ्याच दवाखान्यातली, वर क्लॅरिथ्रोमायसिन. मी स्ट्रिप काढली, पण हातातच धरली. "दादा, मास्तरांची गाऊटची गोळी चालू आहे का अजून?" तो म्हणाला, चालू आहे की, शिवाय काल पाय दुखत होता म्हणून त्यांनी दोन जास्तीच्या घेतल्या. सकाळपासून पोट बिघडलंय म्हणून खोकल्यासोबत त्याचंही औषध द्या. त्याला सगळं साधंच वाटत होतं. क्लॅरिथ्रोमायसिन कोल्चिसिनला शरीराबाहेर पडू देत नाही, साठवत नेतं. किडनी आधीच मंद, डोस आधीच जास्त, वर हे. असल्या जोडीनं माणसं गेल्याच्या नोंदी आहेत. मी दुकानातूनच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांना बिचाऱ्यांना कोल्चिसिनचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी कोल्चिसिन थांबवली, अँटिबायोटिक बदलून ॲझिथ्रोमायसिन दिलं आणि मास्तरांना त्याच रात्री बोलावून रक्त तपासलं. दोन दिवस सलाईनवर राहून परत आले. मुलगा नंतर म्हणाला, जुलाब बंद व्हायची गोळी दिली असती तर काय झालं असतं? लक्षण झाकलं गेलं असतं, आणि कोल्चिसिन चालूच राहिली असती.

क्लॅरिथ्रोमायसिन एकटं नाही. बुरशीवरच्या केटोकोनॅझोल-इट्राकोनॅझोलच्या गोळ्या, बीपी-हृदयासाठीच्या व्हेरापॅमिल-डिल्टियाझेम, अवयव बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन, यांच्याही बाबतीत तेच. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन चालू असेल आणि जिना चढताना मांड्या उचलेनाशा झाल्या, तर "वय झालं" म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. माझी सवय अशी की कोल्चिसिन घेणाऱ्याच्या पाकिटावर मी पेनानं ठळक लिहितो, "नवीन औषधाआधी दाखवा". लोक हसतात. हसू देत.

पुरळ उठलं, सेट्रिझिन घेतली, गोळी चालूच

रोजची गोळी बंद करू नका असं मघापासून ओरडतोय. इथं मात्र उलटं. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, चेहऱ्यावर सूज किंवा कातडी सोलवटणं यातलं काहीही असेल तर थेट मोठं हॉस्पिटल, तेही तासाभरात. ही ॲलर्जी क्वचित होते, पण होते तेव्हा लिव्हर-किडनीसकट सगळं शरीर धरते आणि जीवावर बेतते. किडनी कमजोर असलेल्यांना आणि मोठ्या डोसनं सुरुवात करणाऱ्यांना धोका जास्त. उन्हाळ्यात तर दरवर्षी कुणीतरी येतंच, "घामोळं आलंय, पावडर द्या". मी आधी विचारतो, नवीन गोळी कुठली चालू झालीय? आणि एकदा अशी ॲलर्जी झाली की पुढच्या झटक्याला घरातली उरलेली स्ट्रिप शोधायची नाही. ती फेकून द्या.

बाकीचे त्रास किरकोळ. मळमळ होते, ती जेवणानंतर घेतली की बहुधा थांबते. लिव्हरचे आकडे वाढू शकतात, म्हणून रक्त तपासायचं. एखाद्या दिवशी गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

तुरीची डाळ बंद, बिअर चालू

आहारावर मला पानभर लिहिता येईल, पण राग येतो. गाऊट झाला की घरातून पहिली हकालपट्टी होते तुरीच्या डाळीची, पालकाची आणि टोमॅटोची. डाळी-भाज्यांनी गाऊट वाढत नाही, असंच मोठ्या अभ्यासांत दिसलंय. वजरी, कलेजी, सुकट, रविवारची बिअर आणि रोजचं कोल्ड्रिंक यांना मात्र कुणी हात लावत नाही. आणि हे सगळं सोडलं तरी आकडा साधारण एकानं उतरतो. ९ वरून ६ वर यायला गोळीच लागते.

आणखी काही, भराभर

पॅकेज तपासणीत युरिक ॲसिड ७.४ आलं, सांधा कधी सुजला नाही, मुतखडा नाही. अशांना सहसा गोळी लागत नाही. टाच दुखते म्हणून तर नाहीच.

ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) घेत असाल तर ॲलोप्युरिनॉलच्या आधी डॉक्टरांना सांगाच सांगा. दोन्ही एकत्र गेली की रक्तपेशी धोकादायक इतक्या घटतात.

बीपीची पाणी काढणारी गोळी आणि हृदयाची छोटी ॲस्पिरिन युरिक ॲसिड वाढवतात. म्हणून ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. हृदय आधी.

"सांधेदुखीची हमखास पुडी" घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: एका रात्रीत सूज उतरवणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड निघतं. पुढे तोंड सुजलं की मग आमच्याकडे येतात.

आणि शेवटची, जी आमच्या काउंटरवर वरचेवर दिसते. ॲलोप्युरिनॉल सोसत नाही म्हणून किंवा डॉक्टर बदलला म्हणून फेबुक्सोस्टॅट सुरू होते. हृदयविकार असेल तर ते आधी सांगायला हवं, कारण अशा पेशंटमधल्या मृत्यूंवरून अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक खात्यानं, २०१९ मध्ये तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला. २०२० मधल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात तसा धोका दिसला नाही, तरी निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. ते सांगायचं तर राहतंच, वर पेशंट जुनी गोळी बंदच करत नाही. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, पाकिटांवर दोन वेगळी ब्रँडची नावं, आणि तो दोन्ही रोज घेतो. कळत कसं नाही, तर लोक फक्त ब्रँडचं नाव बघतात, आतल्या औषधाचं नाही. पुढच्या वेळी रिकाम्या स्ट्रिपांसकट घरातली सगळी गोळ्यांची पिशवी घेऊन या. माझ्याकडे नाही तर तुमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे. गर्दीच्या वेळी, सातच्या सुमाराला, नको. दुपारी या.