जुनी अमेरिकन चांदीची नाणी: गोळा कशी करायची, किंमत कशी काढायची

सगळ्यात आधी १९६४ हे साल डोक्यात पक्कं करा. विसाव्या शतकातले तोपर्यंतचे डाइम (१० सेंट), क्वार्टर (२५ सेंट), हाफ डॉलर (५० सेंट) सगळे ९० टक्के चांदीचे. १९६५ पासून रोजच्या डाइम-क्वार्टरमधली चांदी गेली, पण राष्ट्राध्यक्ष केनेडींचा चेहरा असलेल्या हाफ डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के होती आणि हे खूप जणांना माहीतच नसतं, म्हणून बँकेतून हाफ डॉलरचे रोल आणून चाळले तर अजूनही कधीतरी एखादं हाताला लागतं. क्वार्टरचा ढीग असेल तर साल वाचत बसू नका, कड बघा. नव्याच्या कडेला तांब्याची लालसर पट्टी दिसते, चांदीच्याची कड सगळी पांढरी.

किंमतीचं पहिलं गणित चांदीचं. क्वार्टरमध्ये साधारण ०.१८ ट्रॉय औंस चांदी, मॉर्गन किंवा पीस डॉलरमध्ये (ही जुनी एक डॉलरची चांदीची नाणी) ०.७७. समजा चांदी ४० डॉलर औंस आहे, तर क्वार्टर सव्वासात डॉलरच्या आसपास आणि मॉर्गन ३१ च्या. ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा असतो, किचनच्या काट्यावरचा २८.३५ चा, तिथे गल्लत नको. डीलर थोडं कापणारच पण किती कापतोय ते तरी कळतं.

मग मॉर्गन उलटा करा, मागे माळेच्या गाठीखाली बारीक अक्षर दिसेल: एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ न्यू ऑर्लिन्स, सीसी कार्सन सिटी, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. १८९३ चे एस अक्षरवाले मॉर्गन १ लाखच पाडले, झिजलेलं असलं तरी हजारोंत जातं, १९२१ चं मात्र ढिगाने मिळतं. म्हणजे जुनं तेवढं महाग असं अजिबात नाही. आणि किती पाडली यावरही पूर्ण भरवसा नको, कारण १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी रुपये पाडायला आपल्याकडे भारतात आणली!

महागडं नाणं सुटं घेऊ नका, पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांनी तपासून सीलबंद केलेलंच घ्या. साध्या मॉर्गनचं वजन तरी करा, २६.७३ ग्रॅम, झिजलेलं किंचित कमी. लोहचुंबकाला चिकटलं तर खोटंच, पण चिकटलं नाही म्हणून खरं ठरत नाही.

आता कळकळीने सांगतो, नाणं घासू नका. चांदी काळी पडली की रांगोळी नाहीतर टूथपेस्ट घेऊन बसायची सवय असते आपल्याला, समईला ठीक आहे, नाण्याला नाही. न वापरलेला मॉर्गन दिव्याखाली तिरका करून फिरवा, चमकेची पट्टी पृष्ठभागावरून गोल फिरते, ती टाकसाळीतून आलेली असते, एकदा घासली की कायमची जाते आणि तिच्यासोबत निम्मी किंमतही जाऊ शकते. मॉर्गनची झीज बघायची तर पुढच्या बाजूच्या चेहऱ्याचे कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती, तिथेच आधी सपाट होतं.

नाणं कडेनेच धरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी हिरवा चिकट थर धरतो. आणि बेसमेंट दमट असेल तर डबा वरच्या मजल्यावर ठेवा.