मिळता न मिळणारा छोटा चेनसॉ: हाती आल्यावर या चुका टाळा

‘ते मॉडेल येत नाही, त्याऐवजी हे न्या.’ छोटा चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायची इंजिनाची करवत, शोधताना अकरा महिन्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच फोन ठेवू लागलो. ‘त्याऐवजी’ म्हणजे दोनच गोष्टी: एक तर 50 सीसीचं धूड, नाही तर घरगुती वापराचं, प्लास्टिकच्या अंगाचं मशीन. मला हवं होतं ते या दोहोंच्या मधलं. 35 सीसीच्या आसपासचं, मागं हँडल असलेलं, मॅग्नेशियमच्या क्रँककेसचं (इंजिनाचं खालचं कवच) आणि बार-चेन (दातेरी साखळी आणि ती जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी) सोडून 4 किलोंच्या आत बसणारं.

शेवटी मिळालं. दोन हंगाम वापरून सांगतो, मशीन गुणी आहे. ज्या तक्रारी झाल्या त्यांतल्या बहुतेक मीच ओढवून घेतल्या, आणि त्यांचं मूळ एकच. वस्तू मिळत नसली की ती मिळवण्यातच सगळी अक्कल खर्च होते. मग ‘एकदाचं आलं बुवा’ या आनंदात साध्या साध्या गोष्टी तपासायच्या राहून जातात.

‘सुरू होतंय ना? मग द्या’

नवं मिळत नाही म्हणून बरेच जण वापरलेलं घेतात. विकणारा दोरी ओढतो, मशीन धडाडतं आणि सौदा होतो. पण सुरू होणं ही फार खालची परीक्षा. तुम्ही पोचण्याआधीच मशीन गरम करून ठेवलेलं असेल तर ते थंड होईपर्यंत गप्पा मारत बसा. मग सायलेन्सरचे स्क्रू काढा आणि एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन बघा. त्यावर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा दिसत असतील तर छान. उभे ओरखडे दिसले तर ते मशीन कधीतरी तेलाशिवाय नाही तर पेट्रोल कमी पडून तापलेलं आहे. ज्या मशीनचं पिस्टन-सिलिंडर सहजी मिळत नाही तिथं हे ओरखडे म्हणजे सौदा मोडायचं कारण.

दुसरी परीक्षा आणखी सोपी. स्विच बंद ठेवून फक्त दोरीच्या हँडलला धरून मशीन लटकवा. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, चांगलं असेल तर ते अडखळत, टप्प्याटप्प्यानं खाली उतरतं. बादली विहिरीत सोडल्यासारखं सरसर गेलं तर नमस्कार करून निघा. (मशीनला डिकॉम्प्रेशनचं, म्हणजे दोरी हलकी ओढली जावी म्हणून तो दाब सोडणारं, बटण असेल तर ते दाबलेलं नाही ना, एवढं आधी बघून घ्या. नाही तर चांगल्या मशीनवर उगाच आळ यायचा.)

तीन आकडे न बघता चेन घेणं

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक, म्हणून सविस्तर सांगतो. मशीनबरोबर आलेली चेन बोथट झाली तर हाताशी असाव्यात म्हणून मी दोन चेन घेऊन ठेवल्या. दुकानदारानं विचारलं, ‘किती इंची बार?’ मी म्हणालो, ‘14.’ त्यानं 14 इंची म्हणून दोन पाकिटं काढून दिली. चेन बारवर बसली, फिरली, कापूही लागली. पण काप सरळ जाईना. ओंडक्यात चार बोटं आत गेली की बार उजवीकडं पळायचा आणि अडकायचा. मी दोष धारेला दिला. कानस घेऊन बसलो, दात घासघासून निम्मे केले, तरी तेच.

शेवटी एका संध्याकाळी चेन हातानं डावी-उजवीकडे हलवून पाहिली, तर ती बारच्या खाचेत सैल दातासारखी डुलत होती. बारची खाच 1.3 मिमीची आणि चेन 1.1 मिमीची! घासलेल्या दोन्ही चेन वाया गेल्या.

इंच हे फक्त बारचं माप. चेन घेताना वेगळे तीन आकडे लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. ड्राइव्ह लिंक म्हणजे बारच्या खाचेत शिरणारी टोकं. ती मोजायचीच असतात, कारण एकाच लांबीच्या दोन बारांना वेगवेगळी संख्या लागू शकते. गेज म्हणजे त्या टोकांची जाडी. पिच काढायचा तर ओळीनं तीन रिव्हेटांच्या मध्यांमधलं अंतर मोजून निम्मं करा. बहुतेक बारांवर हे आकडे मागच्या टोकाशी कोरलेले असतात, पण ते तेलकट भुशाखाली झाकलेले असल्यानं कुणाला दिसत नाहीत. मलाही दिसले नव्हते.

आणखी एक खड्डा. 3/8 (इंचातला पिच) या एकाच नावाखाली चेनच्या दोन जाती आहेत. छोट्या मशीनवर लो-प्रोफाइल बसते, मोठ्यांवर साधी 3/8. नुसतं ‘3/8 द्या’ म्हटलं की दुकानदाराच्या हाताला जी लागेल ती मिळते. दोन्हींचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) वेगळे, कानसही वेगळी.

हौसेनं लांब बार लावणं

मशीन व्यावसायिक आहे, दम आहे, मग 18 इंची बार का नको? कारण लाकडात जितके जास्त दात एका वेळी चावतात तितकी ताकद वाटली जाते, आणि छोट्या मशीनचा तेलपंप एवढ्या लांबीला पुरत नाही. टोकाशी चेन कोरडी पडते, निळी होते, बार झिजतो. हलकं मशीन पुढून जड झालं की त्याचा तोलही जातो. ज्या हलकेपणासाठी अकरा महिने थांबलो तोच घालवायचा? या आकाराला 12 ते 14 इंच शोभतात. त्याहून जाड बुंधा दोन्ही बाजूंनी कापा, नाही तर मोठं मशीन मागून आणा.

धार: जोर लावला म्हणजे चूक झाली

चांगली धार असलेल्या चेनला ढकलावं लागत नाही, ती स्वतःच ओढून घेते. बाहेर पडतं ते काय, तिकडं बघा. जाड ढलप्या पडल्या तर धार ठीक, पिठासारखा भुसा पडला तर थांबा. बोथट चेनवर जोर देऊन कापत राहिलं की मशीन तापतं, बार तापतो आणि पाठही दुखते.

लो-प्रोफाइल चेनला 4 मिमीची गोल कानस लागते. हाताला सापडली ती जाड कानस वापरली की दाताचं पोट कोरण्याऐवजी वरचा काठच बोथट होतो. दाताच्या वर 30 अंशांचा कोन धरा आणि आतून बाहेर, एकाच दिशेनं घासा. प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात मारा. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झाले की काप केळ्यासारखा वाकडा जातो. उजव्या हातानं काम करणाऱ्यांच्या एका बाजूला नेहमी जास्त जोर पडतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

हे डावे-उजवे दात आले कुठून, त्याची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेतला जोसेफ कॉक्स हा लाकूडतोड्या 1946 मध्ये ओंडका पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची अळी न्याहाळत होता. ती डावीकडं-उजवीकडं आलटून पालटून लाकूड कुरतडत जाते, हे त्यानं पाहिलं. त्यावरून बेतलेल्या दातांची चेन तो 1947 मध्ये विकू लागला. आजची चेन त्याच घराण्यातली. दोन्ही जबडे सारखे हवेत, ही अट अळीपासून चालत आलेली.

आणि दातापुढचं बुटकं टोक विसरू नका. दात लाकडात किती खोल शिरावा हे ते ठरवतं. दात घासून खाली येत जातो, टोक मात्र तसंच राहतं, मग धार असूनही चेन लाकडावरून नुसती घसरते. चपट्या कानशीनं ते साधारण 0.65 मिमी खाली ठेवायचं, तेही मापाची पट्टी लावून. अंदाजानं जास्त घासलं की चेन लाकूड ओरबाडते, हिसके देते आणि उसळते.

हलकं म्हणून एका हातात धरणं

मशीन हलकं असण्याचा हा खरा धोका. मोठं मशीन एका हातानं उचलायची कुणाची छाती नाही. छोटं मात्र सहज उचललं जातं, दुसऱ्या हातानं फांदी धरली जाते आणि तिथंच घात होतो. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही टेकला की बार क्षणात उसळून चेहऱ्याकडं येतो. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखालून वळवून मूठ पक्की धरलेली असेल तरच तो आवरतो आणि चेनब्रेक लागतो. ब्रेक चालतो की नाही हे रोज कामाआधी बघा. सुरू करताना मशीन जमिनीवर, उजव्या पायाचं टोक मागच्या हँडलमध्ये, ब्रेक लावलेला. हवेत झटका देऊन सुरू करणारे पटाईत दिसतात खरे, पण नुकती फिरू लागलेली चेन मांडीपासून वीतभर अंतरावर असते. जाड पँट, बूट, चष्मा, कानाचे मफ हे सगळं मशीनच्या आधी घ्या.

पेट्रोल-तेलाचे घोळ

50:1 म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक तेल, 5 लिटरला 100. ‘जरा जास्त तेल घातलं तर इंजिनाला बरंच’ हा समज घालवा. तेल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी होतं आणि सायलेन्सरच्या जाळीवर काजळी साचते. मिश्रण महिन्याच्या आत संपवा. इथेनॉल असलेलं पेट्रोल ओल ओढून घेतं. दुर्मीळ मशीन जपायचं म्हणून टाकी भरून कपाटात ठेवणाऱ्यांचे कार्बुरेटर तिथंच चिकटतात. ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

बारला गाडीचं काढलेलं काळं तेल घालू नका. त्यात धातूचा चुरा असतो. तेल येतंय का हे बघायला बारचं टोक फिकट पृष्ठभागापासून वीतभर दूर धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून त्याचं तेलाचं भोक टाचणीनं मोकळं करा. बहुतेक वेळा दोष तिथंच सापडतो. चेन गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करा. थंड होताना ती आकसते आणि सगळा ताण क्रँकच्या बेअरिंगवर येतो.

बिघाड आणि त्यामागचं साधं कारण

दोरी ओढून हात दुखले, प्लग ओला? पहिल्या ‘फट्’ आवाजानंतर चोक काढायचा राहिला. चोक काढा, रेस पूर्ण दाबून ब्रेक लावून ओढत रहा, नाही तर प्लग काढून सिलिंडर वाळू द्या. दहा मिनिटं नीट चालून बंद पडतं, आणि टाकीचं झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ होऊन पुन्हा सुरू होतं? टाकीत हवा शिरायची वाट तुंबली आहे. रेस दिली तरी आवाज दबलेला? एअर फिल्टर, मग सायलेन्सरची जाळी. रेस सोडली तरी चेन फिरते? आयडलचा स्क्रू कमी करा. तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग गेली.

कार्बुरेटरच्या ‘एच’ स्क्रूला (पूर्ण रेसवर किती पेट्रोल जावं हे ठरवणारा) मात्र उगाच हात लावू नका. तो आत फिरवला की मशीन किंचाळून पळतं आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. ती वाढलेली नसते. पेट्रोल कमी पडून पिस्टन भाजत असतो. लाकडाबाहेर पूर्ण रेसवर थोडी गुरगुर आणि लाकडात शिरल्यावर स्वच्छ आवाज, ही खूण कानात बसवा.

सुटे भाग नंतर बघू, असं म्हणणं

जिथं मशीनच मिळायला अकरा महिने लागले तिथं त्याचा क्लच ड्रम उद्या मिळेल असं का वाटावं? माझ्या डब्यात आता एक स्प्रॉकेट, एक एअर फिल्टर, टाकीतला पेट्रोल फिल्टर, दोन प्लग, क्लचच्या स्प्रिंगा, दोरी आणि एक जादा बार आहे. दोन चेन आलटून पालटून वापरतो, म्हणजे त्या आणि स्प्रॉकेट एकदमच झिजतात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर ती चारच दिवसांत ताणते.

स्प्रॉकेट बदलताना क्लच उघडावा लागला तर प्लगच्या भोकातून स्वच्छ दोरीचा तुकडा आत सोडा, म्हणजे पिस्टन अडेल. आणि पाना लावण्याआधी लक्षात घ्या, क्लचचे आटे बहुतेक मशीनमध्ये उलटे असतात. मी अर्धा तास घाम गाळून तो घट्ट करत होतो. उघडायचा तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा.