एकच डिजिटल धडा सगळ्या विद्यार्थ्यांपर्यंत कसा पोचवावा

ऑनलाइन धडा द्यायचा ठरला की बहुतेक शाळांत पहिली चर्चा होते ती कोणते अ‍ॅप घ्यायचे याची. ती शेवटी करा. आधी वर्गातला असा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा ज्याच्याकडे सगळ्यात जुना फोन आहे, सगळ्यात कमी डेटा आहे आणि घरी मदतीला कोणी नाही. धडा त्याच्यासाठी तयार करायचा आणि तोच मुख्य धडा मानायचा. भारी व्हिडिओ वगैरे वरची भर. उलट क्रमाने गेलात, तर ‘हलकी आवृत्ती नंतर करू’ म्हणता म्हणता ती राहूनच जाते.

यंत्रे वाटून काम भागेल असेही धरू नका. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेत पेरूने ग्रामीण शाळांना लॅपटॉप दिले. तिथल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही.

पायरी १ : नेमके प्रश्न विचारा

‘घरी फोन आहे का?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळेच ‘हो’ म्हणतात आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी हे विचारा: फोन कोणाचा आहे? तो तुझ्या हातात किती वाजता येतो? घरात आणखी किती मुले तो वापरतात? फोनमध्ये रिकामी जागा किती उरली आहे? रेंज घरात मिळते की बाहेर जावे लागते? वाचताना, ऐकताना किंवा टाइप करताना अडचण येते का? घरी कोणती भाषा बोलता?

हात वर करायला लावून हे विचारू नका. चारचौघांत कोणी खरे सांगत नाही. चिठ्ठी किंवा फोन बरा. आणि ऑनलाइन फॉर्म तर नकोच, कारण ज्यांची माहिती हवी आहे नेमके तेच त्यातून गळतात.

पायरी २ : धड्याचे वजन ठरवा

हिशोब सोपा आहे. सेकंदाला १ मेगाबिट वेगाचा ४० मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे सुमारे ३०० एमबी. तेच बोलणे ३२ किलोबिटच्या मोनो ऑडिओत साठवले तर १० एमबीच्या आत बसते. सोबत १२ चित्रे दिली तरी एकूण १२-१३ एमबी होतात, पण त्यासाठी चित्रे आधी लहान करावी लागतात. फोनवर काढलेला फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेल करून जेपीईजी ७० टक्के गुणवत्तेवर साठवला की तो साधारण २०० केबीच्या आसपास येतो आणि फळ्यावरचे अक्षर तरीही वाचता येते.

ऑडिओचे आठ-दहा मिनिटांचे तुकडे करा. चाळीस मिनिटांची एकच फाइल ३५व्या मिनिटाला डाउनलोड तुटली की पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागते. थेट तास घेणार असाल तर तो शंकांसाठी ठेवा. नवा भाग आधीच फाइलरूपात गेलेला असावा, म्हणजे संध्याकाळी फोन हातात येणारे मूल मागे पडत नाही.

स्मार्टफोनच नसेल तर छापील पाने आणि फोन कॉल. एसएमएस पाठवताना एक गोष्ट ध्यानात असू द्या: रोमन अक्षरांत एका संदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत फक्त ७०. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. एकटा ‘विद्यार्थी’ हा शब्द १० चिन्हे खातो. तेव्हा सूचना एका ओळीचीच लिहा.

पायरी ३ : मजकूर खरोखर मजकूर आहे का ते तपासा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, आणि ती पडद्यावर दिसत नाही म्हणून लक्षातही येत नाही. तुमच्या फाइलमधले एक वाक्य निवडून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तीन गोष्टी घडू शकतात.

वाक्य निवडताच आले नाही, तर ती स्कॅन केलेली पीडीएफ आहे, म्हणजे नुसते चित्र. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) तिथे गप्प बसतो. पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉण्टमध्ये आहे. पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर अर्थहीन काहीतरी वाचत सुटतो, भाषांतर होत नाही आणि शोधही लागत नाही. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. ‘र्‍य’, ‘क्ष’, रफार आणि पहिली वेलांटी हमखास बिघडतात.

तिसरी शक्यता फसवी. युनिकोडमध्ये टाइप करून बनवलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी मात्रा उलटसुलट होऊन बाहेर येतात. म्हणून पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइल किंवा इपब (ई-पुस्तकाची फाइल) जरूर द्या. इपबचा आणखी एक फायदा म्हणजे अक्षर मोठे केले की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतात, वाचताना डावी-उजवीकडे सरकवत बसावे लागत नाही.

शीर्षकांना नुसते ठळक करू नका, वर्डमधली शीर्षक-शैली (हेडिंग स्टाइल) लावा. स्क्रीन रीडर वापरणारा विद्यार्थी शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत पान चाळतो; शैली नसेल तर त्याला सगळे पान वरून खालपर्यंत ऐकावे लागते. तक्त्यांत एकत्र केलेले रकाने टाळा. प्रत्येक चित्राला एक-दोन वाक्यांचे पर्यायी वर्णन द्या आणि त्यात चित्र कशासाठी दिले आहे तेच सांगा: ‘हृदयाची आकृती’ यापेक्षा ‘हृदयाचे चार कप्पे, उजव्या जवनिकेतून रक्त फुप्फुसांकडे जाते’ हे उपयोगी.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. हे वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांतले आकडे आहेत. चूक-बरोबर फक्त लाल-हिरव्या रंगाने दाखवू नका, शेजारी शब्द लिहा.

पायरी ४ : ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि दुसऱ्या भाषेतून आलेल्यांसाठी

व्हिडिओखाली आपोआप तयार होणारी मथळापट्टी (सबटायटल) कच्चा खर्डा समजा. विशेषनामे, संज्ञा आणि आकडे तिथे हटकून चुकतात, आणि धड्यात महत्त्वाचे तेच असते. दुरुस्त केलेली एसआरटी फाइल (मथळापट्टीचा मजकूर असलेली फाइल) यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

घरची भाषा वेगळी असलेल्यांना धड्याआधी आठ-दहा संज्ञांची यादी आवाजासह द्या. उत्तर बोलून देण्याची मुभाही ठेवा.

पायरी ५ : लॉगिन आणि चाचणी

ओटीपीवर चालणारे लॉगिन कागदावर ठीक वाटते. प्रत्यक्षात ओटीपी जातो आईच्या नाहीतर वडिलांच्या फोनवर, आणि ते असतात कामावर. शक्य तिथे नाव आणि साधा पिन ठेवा. एकाच फोनवर दोन भावंडे असतील तर लॉग आउट कसे करायचे ते आधी शिकवा, नाहीतर धाकट्याची उत्तरे थोरलीच्या नावावर जमा होतात.

चाचणीला तासाभराची ठरलेली वेळ देण्याऐवजी दोन-तीन दिवसांची मुदत द्या. प्रत्येक उत्तर लगेच साठवले जाते का ते बघा. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नको. त्यात डेटा जातो, घर उघडे पडते, आणि चेहरा ओळखणाऱ्या प्रणाली सगळ्यांना सारखा न्याय देत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१९ मध्ये अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकींत आशियाई आणि कृष्णवर्णीय चेहऱ्यांबाबत एकाला दुसराच समजण्याच्या चुका बऱ्याच जास्त आढळल्या.

पायरी ६ : पाठवण्याआधी स्वतः वापरून पहा

जुना अँड्रॉइड फोन घ्या. धडा उतरवा, एअरप्लेन मोड लावा आणि सगळे उघडते का ते बघा. मग सेटिंगमधल्या सुलभता विभागातून टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर सुरू करा. उजवीकडे बोट सरकवले की पुढचा घटक वाचला जातो, दोनदा टकटक केले की निवडला जातो. सुरू करण्याआधी दोन्ही व्हॉल्यूम बटणांचा शॉर्टकट लावून ठेवा. बंद कसे करायचे हे न कळल्याने लोक अडकून बसतात. डोळे मिटून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते का पाहा. संगणकावर हेच काम एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर करतो.

पायरी ७ : पोचले का ते मोजा

लॉगिनच्या आकड्यावर विसंबू नका. मैत्रिणीकडून ब्लूटूथने फाइल घेणारी मुलगी त्यात दिसत नाही, आणि उघडून लगेच बंद करणारा मात्र दिसतो. जमा झालेल्या उत्तरांची यादी हजेरीपटाशी ताडून पहा. ज्यांचे काही आले नाही त्यांना आठवड्याच्या आत फोन करा आणि ‘का केले नाहीस?’ न विचारता ‘कुठे अडले?’ असे विचारा. ‘फाइल उघडली नाही’, ‘जागा नव्हती’, ‘फोनच मिळाला नाही’, ‘समजले नाही’ अशी उत्तरे वेगवेगळी नोंदवून ठेवा. पहिल्या दोन तक्रारी पुढच्या धड्याचे वजन कमी करून मिटतात, तिसरीला छापील पाने लागतात. चौथी शिकवण्याची आहे, ती कुठल्याही अ‍ॅपने सुटणार नाही.