धबधब्याच्या पायथ्याहून परतीची वाट चुकू नये म्हणून

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात धबधब्याच्या पायथ्याला उतरताना वाट सहसा चुकत नाही, पाण्याचा आवाजच ओढून नेतो. घोळ होतो तो वर चढताना. धुकं, कारवी, आणि सगळी झाडं सारखीच!

१. जुन्या लाल ओढणीच्या वीतभर लांब वीसेक पट्ट्या फाडून खिशात ठेवा. हिरव्या नकोत (हसू नका, आमच्यात एकानं आणल्या होत्या).

२. वाट वळली की थांबा, मागं वळून बघा. आधीची पट्टी दिसेनाशी व्हायच्या आत पुढची बांधा. डोळ्यांच्या उंचीला, आणि गाठ दरीच्या बाजूला. परत येताना नजर तिथंच पडते. उतरताना समोर दिसेल तिथं बांधली तर येताना ती खोडाआड जाते, हे आम्ही तासभर भटकून शिकलो.

३. गाठ बुटाच्या नाडीसारखी. शेवटचा माणूस सगळ्या सोडून आणेल.

एक जपा: पायथ्याला पोचताच पाण्याच्या कडेला काटकी रोवा. काटकी बुडू लागली किंवा पाणी गढूळलं, तर डबा तसाच उचलून वर निघा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटात पाऊस पडत असू शकतो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.