वायफायचा लिंक वेग का घसरतो, हे कसे शोधावे

राउटर आणि लॅपटॉप यांच्यातला वेग ठरावीक नसतो. हवेतली परिस्थिती पाहून दोन्ही उपकरणे तो सतत बदलत असतात. लहरी स्वच्छ पोहोचत असतील तर वायफाय ५ मध्ये २५६-क्वॅम ही लहरीवर माहिती दाट बसवण्याची पद्धत वापरून प्रत्येक उपवाहकावर (वारंवारतेच्या एका अरुंद पट्टीवर) एका वेळी ८ बिट पाठवता येतात. गोंगाट वाढला की टप्प्याटप्प्याने खाली उतरत बीपीएसके या सर्वांत साध्या पद्धतीपर्यंत, म्हणजे १ बिटापर्यंत यावे लागते. त्यामुळे पडद्यावरच्या दांड्या मोजण्यापेक्षा पुढील आकडे पाहावेत.

मॅकवर ऑप्शन कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केल्यास आरएसएसआय (मिळणाऱ्या सिग्नलची ताकद), नॉइज (गोंगाट), टीएक्स रेट (पाठवण्याचा वेग) आणि एमसीएस इंडेक्स (वेगाच्या टप्प्याचा क्रमांक) दिसतात. मोठी फाइल पाठवणे चालू असतानाच हे आकडे टिपावेत, कारण उपकरण स्वस्थ असताना दिसणारा वेग फसवा असू शकतो. सिग्नल −६२ आणि नॉइज −९२ डीबीएम (लहरींची ताकद मोजण्याचे एकक) असेल, तर दोहोंतला फरक ३० डेसिबल होतो. खरे महत्त्व या फरकाला आहे.

आता हीच नोंद सकाळी लवकर आणि रात्री नऊच्या सुमारास, लॅपटॉप त्याच जागी ठेवून करावी. फरक दोन्ही वेळा कमीच असेल, तर दोष अंतराचा किंवा आडव्या येणाऱ्या भिंतींचा आहे. फरक तेवढाच राहून रात्री वेग घसरत असेल, तर शेजारच्या राउटरांची गर्दी हे कारण असण्याची शक्यता अधिक. पाठवलेल्या फ्रेमची (माहितीच्या एका तुकड्याची) पोच आली नाही की अनेक उपकरणे सिग्नल क्षीण झाल्याचे समजून वेग कमी करतात. पण फ्रेम दुसऱ्या उपकरणाच्या फ्रेमशी टक्कर होऊन हरवली असेल, तर कमी वेगाची फ्रेम हवेत अधिक काळ राहते आणि पुन्हा टक्कर होण्याची शक्यता उलट वाढते. हा भेद न करता नवा राउटर विकत घेणे मला चुकीचे वाटते.

गर्दी असल्यास चॅनेल (राउटर वापरतो तो वारंवारतेचा पट्टा) बदलावे, २.४ गिगाहर्ट्झमध्ये २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवून १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळे चॅनेल निवडावे. सिग्नल क्षीण असल्यास राउटर लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांपासून दूर, उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवावा. दूरच्या खोलीसाठी चॅनेल रुंद करण्याचा मोह मात्र टाळावा: रुंदी दुप्पट केली की आत येणारा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो, म्हणून तिथे ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झवर जोडणी अधिक स्थिर राहू शकते.

लॅपटॉप थोडासा सरकवूनही पाहावा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६ सेंटिमीटर असते आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारक ठरतात ती जागा काही सेंटिमीटरांवर बदलते. शेवटी, टीव्हीसारखे जागचे न हलणारे उपकरण दूर असून कमी वेगावर चालत असेल, तर ते केबलने जोडावे; वायफायवर तेवढीच माहिती पाठवायला ते हवेतला जास्त वेळ घेते आणि तो वेळ इतर उपकरणांच्या वाट्यातून जातो.